तिसरा पिवळा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईंनी रंग मोजायचा स्पेक्ट्रो कार्डावरच्या तिसऱ्या पिवळ्या चौकोनावर ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा बघून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. साडेअकरा. यायला हवा होता दोनच्या आत.

छापखान्यात या आकड्याला डेल्टा म्हणतात. हवा असलेला रंग आणि कागदावर उतरलेला रंग यांच्यातलं अंतर म्हणजे डेल्टा. एकच्या आतला फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. दोनचा दिसतो, पण दोन तुकडे शेजारी धरले आणि बघणारा सराईत असला तरच. पाचला गिऱ्हाईक भांडायला येतं. साडेअकरा म्हणजे तो रंगच राहिलेला नसतो, दुसरा झालेला असतो.

ताई एक्कावन्न वर्षांच्या. गेली बावीस वर्षं या डिजिटल छापखान्यात रंग तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि मालकांपासून सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांना आधी यंत्राचाच संशय आला. त्यांनी स्पेक्ट्रो त्याच्या डबीतल्या पांढऱ्या चकतीवर ठेवून शून्यावर आणला. मग कपाटातून सही झालेलं प्रूफ काढलं. छपाई सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाने बघून मान्य केलेला नमुना तो. त्याचा तिसरा चौकोन मोजला. शून्य पूर्णांक आठ. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं आणि प्रूफही. बिघडलं होतं ते छापलेलं कार्ड.

तशी तीनशे कार्डं नऊ दिवसांपूर्वी बाहेर गेली होती.

कार्ड तळहाताएवढं. त्यावर फिकटापासून गडदापर्यंत पिवळ्याचे पाच चौकोन. आरोग्य केंद्राच्या नर्स घरोघर जाऊन नवजात बाळांची कावीळ बघतात, त्यांच्यासाठी ते होतं. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं की क्षणभर रक्त बाजूला होतं आणि कातडीखालचा पिवळेपणा दिसतो. तो कुठल्या चौकोनाशी जुळतो ते बघायचं. एक किंवा दोन असेल तर काळजी नाही. तीन असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. चार असेल तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. पाच असेल तर थेट रुग्णालय. कावीळ बहुतेक बाळांना होते आणि आपोआप उतरते. थोड्यांची चढत जाते, आणि फार चढली तर मेंदूपर्यंत पोचते. तिथून परतीची वाट नसते.

त्या दिवशी केंद्राने आणखी दोनशे कार्डं मागवली होती. आधीच्यांशी रंग जुळावा म्हणून ताईंनी उरलेलं एक कार्ड मोजायला घेतलं, एवढंच निमित्त. नाहीतर ते कुणी मोजलं नसतं. छापखान्याचा रिवाजच होता, सही झालेल्या प्रूफवर पुन्हा शंका काढायची नाही. वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाचा मानही राहतो.

ताईंनी छापलेल्या कार्डाचा तिसरा चौकोन प्रूफच्या चौथ्यावर धरला. डेल्टा एक पूर्णांक नऊ. जुळे भाऊ.

याचा अर्थ त्यांना लगेच कळला. ज्या बाळाची कावीळ चारची, त्याला हे कार्ड तीन सांगत होतं. आणि आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता. नर्स येऊन गेली, बाळाचा नंबर तीन निघाला, परत बुधवारी बघणार आहे. पाच दिवसांचं बाळ. धाकटीचं लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं. ताईंनीच तिला सांगितलं होतं, तीन म्हणजे काही नाही गं, ते कार्ड आमच्याकडेच छापलंय.

त्यांनी धाकटीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तोवर छपाईयंत्रावरचा माणूस चहाचा पेला घेऊन आला. वय बेचाळीस, पण पंचविशीतच केस पिकल्यामुळे सगळे त्याला आजोबा म्हणत. त्याला स्वतःच्या नजरेची फार घमेंड. स्पेक्ट्रोची गरज ज्याला डोळे नाहीत त्याला, असं तो नव्या माणसांना सांगत असे. ताईंनी त्याला विचारलं, कार्डं कुठल्या रांगेतून सोडली होती?

यंत्राकडे काम पाठवायच्या दोन रांगा होत्या. एका रांगेतून फाइलमधला रंग जसाच्या तसा जाई. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो, म्हणून त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर कुठला रंग कसा उतरतो याचा तक्ता, तेवढा लावला जाई. दुसरी रांग अल्बमची. तिच्यात एक तयार सेटिंग कायमचं बसवलेलं होतं. ते रंगांचा भडकपणा वाढवी, त्यामुळे साड्या खुलत, चेहरे तजेलदार दिसत, आणि फोटो स्टुडिओवाले खूश होत. प्रूफ पहिल्या रांगेतून निघालं होतं.

आजोबाने चहा खाली ठेवला. म्हणाला, त्या आठवड्यात शाळेचे अल्बम चालू होते. जाड कागद दुसऱ्या ट्रेमध्ये भरलेला होता, आणि तो ट्रे अल्बमच्या रांगेला बांधलेला. दोनदा कागद कशाला उपसायचा, म्हणून कार्डं त्याच रांगेतून काढली. कागद तर तोच होता.

"कागद तोच होता, सेटिंग नव्हतं," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला दाखवलं होतं मी ताई. पहिलं कार्ड निघालं तेव्हा. तुम्ही म्हणालात, ठसठशीत आलंय."

ते खरं होतं. ताईंना तो क्षण आठवत होता. दिव्याखाली कार्ड धरलं होतं, एका हातात जेवणाचा डबा होता, आणि प्रूफ कपाटात होतं. त्या तसं म्हणाल्या होत्या.

त्यांनी चौथा आणि पाचवा चौकोनही मोजला. ते दोन जवळजवळ सारखेच निघाले. प्रत्येक यंत्राची एक कुवत असते. त्याच्या चार शाया मिळून जेवढे रंग काढू शकतात तेवढं त्याचं कुंपण, आणि त्या कुंपणाला गॅमट म्हणतात. बाहेरचा रंग मागितला की यंत्र तक्रार करत नाही. कुंपणापाशी जो सापडेल तो रंग छापतं आणि गप्प बसतं. भडकवलेला चौथा आणि भडकवलेला पाचवा, दोघेही असे कुंपणाला टेकले होते.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी त्या मालकांच्या काचेच्या खोलीत गेल्या. मालक वाईट माणूस नव्हते, पण कुठल्याही संकटात त्यांचा हात आधी फायलीकडे जाई. त्यांनी फाइल काढली, प्रूफवरची आरोग्य केंद्राच्या मेट्रनची, म्हणजे मुख्य नर्सची, सही दाखवली आणि म्हणाले, आपण नियमाने चाललोय, आधी वकिलाशी बोलू, संध्याकाळपर्यंत पत्र काढू.

"सही प्रूफवर आहे," ताई म्हणाल्या. "कार्ड प्रूफसारखं नाहीये."

"ताई, तुम्ही घाबरलाय. घरचं बाळ आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय."

"घरचं नसतं तरी डेल्टा साडेअकराच आला असता."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताईंनी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि केंद्राला लावला.

मेट्रननी मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग तीन प्रश्न विचारले. किती कार्डं? सगळीच चुकीची का? कुठल्या बाजूने चुकीची? ताईंनी सांगितलं: तीनशे, सगळी, आणि बाळ आहे त्यापेक्षा बरं दाखवणारी. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. मेट्रन म्हणाल्या, एकशे चाळीस नर्स आहेत, आत्ता सगळ्या फिरतीवर. नऊ दिवसांत ज्यांना तीन लिहिलंय त्यांची यादी काढायला लागेल. नोंदी कागदावर आहेत.

मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला आज कसं कळलं?"

ताईंनी खरं ते सांगितलं. दोनशे कार्डं आणखी मागवलीत म्हणून.

मेट्रननी फोन ठेवला. अकरा बावन्न झाले होते. ताईंनी आता धाकटीच्या नवऱ्याला लावला. तो घरूनच काम करी, सावकाश बोलणारा, कुणाला त्रास द्यायला संकोचणारा. त्याने पहिल्याच घंटीला उचलला, पण आवाज दबका.

"ताई, हळू बोलतो हं. दोघंही झोपलीयेत. हिचा फोन मीच बंद करून ठेवलाय."

बाळ कसं आहे, त्यांनी विचारलं.

"अहो, फार गुणी आहे. सकाळपासून रडलंच नाही. पहाटे पाचला पाजलं, त्यानंतर उठवलं तरी उठत नाही. माझी आई म्हणाली, झोपू दे, झोपेत वाढतात."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच ते बारा. त्यांनी कार्डाचं सगळं सांगितलं, शक्य तितकं साधं. तो ऐकत होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. नर्स शिकलेली आहे, तिने नीट बघितलं, दोनदा बघितलं, असं तो म्हणाला. एवढ्या उन्हात बाळाला बाहेर काढायचं? बाळंतिणीला उठवायचं? मग त्यालाच एक उपाय सुचला. फोटो पाठवतो, म्हणाला. तुमची नजर रंगाला पक्की आहे, तुम्हीच बघून सांगा.

त्या नको म्हणेपर्यंत फोटो आला. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मिटलेले डोळे, गुलाबी गाल. ठणठणीत.

हा गुलाबी फोनचा होता. फोनचा कॅमेरा फोटोतला पांढरा स्वतःच ठरवतो. दिव्याखाली सगळं पिवळट दिसतं, म्हणून पिवळा जास्त वाटला की तो काढून टाकतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. शिवाय चेहरा दिसला की तो चेहऱ्याला थोडा तजेला आणतो, अल्बमच्या रांगेसारखाच. बाळाच्या कातडीवर किती पिवळं होतं आणि त्यातलं कॅमेऱ्याने किती पुसलं, हे त्या फोटोवरून जगात कुणालाही सांगता आलं नसतं. ताईंनी तरी तो मोठा करून बघितला. दुपटं पांढरं आहे का, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, हो, पांढरंच आहे. फोटोत ते निळसर दिसत होतं.

त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. निळसर. कॅमेऱ्याने पिवळा काढला तो सगळ्याच फोटोतून काढला होता. त्याचा अर्थ त्या खोलीत पिवळं पुष्कळ होतं. पडद्यांचं असेल, भिंतीचं असेल.

"पडदे कुठल्या रंगाचे आहेत तुमच्याकडे?"

"राखाडी. का हो?"

"आणि भिंती?"

"पांढऱ्या. ताई, काय झालं?"

"अहो जावईबापू, मला नीट ऐका. फोटोवरून मी काही सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण तीन नंबर कुणी सांगितला तर तो चार धरायचा, एवढं मी छातीठोक सांगते. तिला उठवा. बाळाला घेऊन रुग्णालयात जा, आत्ता. माझं चुकलं असेल तर जन्मभर मला नावं ठेवा."

मग त्याने फोन तसाच कुठेतरी ठेवला, आणि ताईंना दार उघडल्याचा आवाज आला, धाकटीचं नाव, मग पुन्हा धाकटीचं नाव, मग तिचा झोपेतला आवाज: काय झालं, भूक लागलीय का त्याला? यानंतर लाइन तुटली.

बारा पाचला आजोबाने अल्बमची रांग बंद केली आणि यंत्राशेजारी नुसता उभा राहिला. चहा तसाच थंड झाला होता. मालक बाहेर आले आणि फाइल परत कपाटात ठेवून गेले. ताईंनी पहिल्या रांगेतून एक कार्ड काढलं, ते वाळू दिलं, कारण ओल्या शाईचा रंग खोटा असतो, आणि मग पाचही चौकोन मोजले. सगळे एकच्या आत. आजोबाकडे बघून त्या म्हणाल्या, मोजल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. तो मान हलवून कागद भरायला लागला.

बारा चाळीसला मेट्रनचा फोन आला. एकशे चाळीसपैकी एकशे सहा नर्सशी बोलणं झालं होतं. तीन नंबर लिहिलेली बाळं एकोणीस. त्यांतली बारा घरं सापडली होती. दोन बाळांना रुग्णालयात पाठवलं होतं. बाकीच्या सात घरांत कुणी फोन उचलत नव्हतं किंवा नंबर चुकीचा होता, तिकडे माणूस पाठवला होता. त्या बारांत धाकटीचं घर होतं का, हे ताईंनी विचारलं. मेट्रननी यादी वाचली. नव्हतं.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी मेहुण्याचा निरोप आला. पोचलो. टाचेतून रक्त घेतलं. टोचल्यावर बाळ थोडं कण्हलं, रडलं नाही. आकडा चाळीस मिनिटांत सांगतो म्हणाले.

दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत दुसरा निरोप आला नव्हता. सातांपैकी चार घरं सापडायची होती.