ओगुलनाबातच्या घशातला किनेज

मी एक जुना किनेज आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका, आणि माझ्याबद्दल कुठे काही वाईट ऐकले असेल तर ते घटकाभर बाजूला ठेवा. इस्पितळात माझ्या चित्राकडे बोट दाखवून म्हणतात, "हाच तो, कर्करोग वाढवणारा." म्हणू देत. मी मान खाली घालणार नाही. आधी माझे ऐका, मग काय ते ठरवा.

किनेज म्हणजे शरीरातले एक कामकरी प्रथिन. मी ओगुलनाबात नावाच्या तुर्कमेन बाईच्या अन्ननलिकेत, म्हणजे अन्न घशातून पोटाकडे नेणाऱ्या नळीत जन्मलो. एका पेशीची भिंत हेच माझे घर. माझे डोके भिंतीबाहेर आणि पाय आत. बाहेरून 'इथे जखम झाली' असा निरोप आला की मी शेजारच्या भावाचा हात धरत असे. दोघे जोडले गेलो की आतल्या गड्याला एक बारीकशी खूण चिकटवायची. तो ती पुढच्याला देई, आणि शेवटी पेशीला हुकूम मिळे: वाढ, एकीच्या दोन हो, जखम भरून काढ. काम संपले की पेशी आम्हाला आत ओढून मोडीत काढी आणि नवे घडवी. आमच्यातला एकेक जण फार दिवस जगत नाही. म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा साऱ्या भावकीच्या वतीने बोलतो.

ओगुलनाबात लहान असताना तिच्या घशात माशाचा काटा रुतला होता. तो निघाला, पण मागे मोठा ओरखडा राहिला. तो कोणी भरून आणला? मी. तिच्या आईने काट्याला शिव्या दिल्या, अल्लाचे आभार मानले आणि शेजारणींना कोकराचे मटण खाऊ घातले. माझे नाव कोणी काढले नाही. मला त्याचे काही वाटले नाही, कारण तेव्हा मला पुष्कळ काम होते आणि काम करताना मी खूश असे.

मग ती मोठी झाली, लग्न झाले, गालिच्याच्या मागावर बसू लागली, आणि चहा सुरू झाला. तिच्या मुलखात बसलेल्या प्रत्येकापुढे त्याची स्वतःची चहादाणी ठेवतात. हिरवा चहा वाडग्यात ओतायचा, परत चहादाणीत ओतायचा, असे तीनदा करायचे, आणि मग वाफ जायच्या आत प्यायचा. निवलेला चहा पाहुण्यापुढे ठेवला तर तो समजतो की आपल्याला 'आता उठा' म्हणून सांगताहेत. ओगुलनाबात तर सगळ्यांच्या वरताण होती. बाकीच्या जणी फुंकर घालत असायच्या तोवर तिचा वाडगा रिकामा झालेला असायचा.

"अगं, तुझा घसा आहे की तंदूरचं धुराडं?" मागावरच्या बायका विचारायच्या.

"धुराडं थंड पडलं की घर ओस पडलं समजायचं," ती म्हणायची आणि दुसरा वाडगा भरायची.

तिकडे त्या हसत, आणि इकडे माझी तारांबळ उडे. प्रत्येक घोटाला भिंत भाजायची, प्रत्येक घोटाला निरोप यायचा. सकाळची जखम भरते न भरते तोच दुपारची चहादाणी उतरायची. मी एकदाही 'नाही' म्हटले नाही. वर्षानुवर्षे मी त्या नळीची डागडुजी करत राहिलो आणि ती बाई मजेत भाकर खात राहिली.

इतक्या घाईने पेशी घडवायच्या म्हटले की नक्कल करताना चुका होतातच. एका पेशीत मला घडवण्याची कृतीच पुन्हा पुन्हा उतरवली गेली. भिंतीवर आमची ही गर्दी झाली. हलायला जागा नाही. कोणाचा निरोप नसतानाच आमचे हात एकमेकांत अडकू लागले, आणि जखम नसतानाही हुकूम सुटू लागला: वाढ, दोन हो, पुन्हा वाढ. आम्हाला थांबवणारेही त्या पेशीत धड उरले नव्हते. तिथे गाठ धरली. तुम्ही म्हणाल, तेव्हा तू बदललास. मुळीच नाही! हुकूम तोच होता, हातही तेच होते. रोज दार ठोठावून मला उठवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही आणि उठलेल्यावर मात्र सगळे तुटून पडतात. हा कुठला न्याय?

भाकर अडकू लागली तेव्हा ओगुलनाबातने जे केले, ते त्या मुलखातल्या बाईलाच सुचावे. "घशात थंडी बसलीय," असे तिने ठरवले आणि चहा आणखी उकळता प्यायला लागली. नवरा नूरबेर्दी जीव लावणारा माणूस. तो तिच्यासाठी चहादाणी निखाऱ्यावरच ठेवू लागला.

हे सगळे एकीलाच कळत होते, आणि तिला बोलायची मुभा नव्हती. आयलार त्या घरची सून. त्यांच्यात सून सासऱ्यासमोर ओढणीचे टोक दातांत धरते आणि तोंडातून शब्द काढत नाही. त्याला यश्माक म्हणतात. लग्न होऊन आयलारला मूल झाले, ते चालायला लागले, तरी नूरबेर्दीने सुनेचा आवाज ऐकला नव्हता. सासूला ती एजे, म्हणजे आई, म्हणे; तिला तिने एकांतात दोनदा-तीनदा सांगून पाहिले होते. "मला शिकवू नकोस," एवढेच उत्तर मिळाले होते.

एका दुपारी जेवताना घास अडकला आणि ओगुलनाबातचे डोळे पांढरे झाले. नूरबेर्दीने घाईने वाफाळता वाडगा भरून तिच्या ओठांना लावायला नेला. आयलारने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि राखेत ओतला. सासूच्या पाठीवर थापट्या मारून तिने घास बाहेर काढला. मग दातांतले टोक सोडले.

"बाबा, तो चहा आता बंद करा. एजेच्या घशाखाली भाकर उतरत नाही. तंदूरमागं नेऊन शेळ्यांना घालते ती. शेळ्या बघा कशा गुबगुबीत झाल्यात, आणि ही बघा."

ओगुलनाबातला धड श्वास येत नव्हता, पण संताप आला.

"यश्माक सोडलास? सासऱ्यासमोर? मी अजून मेले नाहीये!"

"मेल्यावर बोलून काय करू, एजे?"

नूरबेर्दीने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा सुनेकडे. मग टोपी डोक्यावर घातली आणि शेजाऱ्याची गाडी आणायला गेला.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दिव्याची नळी आत घातली आणि गाठीचा कण खुडून घेतला. त्याला रंग लावल्यावर आमची सारी गर्दी तपकिरी उठून दिसली.

"हा किनेज," त्या आयलारला म्हणाल्या. "याचं बटण दाबलेलंच राहिलंय. कारणं बरीच असतात, एकट्या चहालाच बोल लावता येत नाही. पण रोज भाजून घेतलं की व्हायचं ते होतं. गाठ अजून बाहेर पसरलेली नाही. आणखी उशिरा आणलं असतंत तर मी नुसती मान हलवली असती."

"चहा सोडायचा? त्यापेक्षा मला मागाला बांधून ठेवा," ओगुलनाबात म्हणाली.

"सोडू नका. निवू द्या."

नळीचा तेवढा भाग त्यांनी कापून काढला, पोटाची पिशवी वर ओढून घेतली आणि उरलेल्या नळीला शिवली. आणि आता मित्रांनो, नीट ऐका. तो टाका उसवला असता तर ओगुलनाबात वाचली नसती. ती शिवण कोणी भरून आणली? डॉक्टरीणबाईंनी दोरा घातला, पण मांसाला मांस जोडायला 'वाढ, दोन हो' म्हणणारा कोणीतरी लागतोच. उरलेल्या निरोगी पेशींच्या भिंतींवर मी होतो. निरोप आला, मी भावाचा हात धरला, काम केले, आणि काम संपल्यावर हात सोडला. ज्याला तुम्ही खुनी म्हणता, त्यानेच ती शिवण सांधली. मी क्षमा मागणार नाही.

मागणे मात्र एक आहे, आणि ते भीक म्हणून नाही. मी तुमच्याही घशात आहे. जखम झाली तर हाक मारा, मी येईन. उगाच हाका मारू नका.

ओगुलनाबात घरी आली तेव्हा तिला भेटायला मागावरच्या बायका जमल्या. आयलारने प्रत्येकीपुढे चहादाणी ठेवली. नूरबेर्दी दाराशी बसला होता. सवयीने आयलारने ओढणीचे टोक दातांकडे नेले.

"सोड ते," ओगुलनाबात म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता, पण जरब तीच होती. "तू गप्प बसली असतीस तर या बायका आज माझ्या मयतीला आल्या असत्या."

आयलारने टोक सोडले. ओगुलनाबातने वाडगा भरला आणि जमिनीवर ठेवला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ओगुलनाबात, निवतोय गं तुझा चहा," एक जण न राहवून म्हणाली.

"निवू दे. तुमचेही वाडगे खाली ठेवा. इथून कोणी उठून जायचं नाही."

वाफ विरेपर्यंत सगळ्या तशाच बसून राहिल्या. मग तिने एक लहानसा घोट घेतला. तो माझ्या अंगावरून हळूच खाली उतरला. मी वाट पाहिली. कोणाचाही निरोप आला नाही.