चुकलेला काठ

आमच्या पोरीच्या, मृण्मयीच्या बँडचं नाव 'काठावरचे'. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, म्हणजे परीक्षेत काठावर पास झालेले का? तिच्या आईनं, श्यामलानं, असं काही बघितलं माझ्याकडे की दुसरा चहा मागायची हिंमत झाली नाही.

बँड म्हणजे तिघं. गाणी लिहिणारी आणि गाणारी मृण्मयी, गिटारवर विहंग आणि ढोलकीवर चांदवडचा लखन. कंपनी नाही, मॅनेजर नाही. आमच्याच मधल्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग चालतं. तेवढा वेळ घरात पंखा बंद, कुकर बंद, शिंक आली तर गॅलरीत पळायचं. एकदा पूजेच्या यजमानाचा फोन आला तेव्हा मी न्हाणीघरात दार लावून मुहूर्त सांगितलाय, आता बोला.

पण गाणी झकास करतात, हे मी कुणालाही सांगेन. कांद्याच्या भावावरचं त्यांचं गाणं विंचूरच्या बाजारात ट्रॅक्टरवाल्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. वरच्या लोकांना त्यात चांगले खडे बोल सुनावलेत. तेव्हा मीही गल्लीतून छाती काढून फिरलो. दुसऱ्यांना बोल लावलेले ऐकायला कुणाला आवडत नाही?

भानगड झाली ती गोदावरीच्या गाण्यानं.

'सकाळी म्हणायचं आई,
दुपारी सोडायची घाण,
संध्याकाळी तिच्याच काठी
आरतीला यायचं छान.'

इथवर ठीक. पण पुढे काय, तर 'नाला सोडी सायेब, बाई, निर्माल्य सोडी भट'. झालं! आमची गल्ली पेटली. मी पंचवटीत यात्रेकरूंची पूजाअर्चा, श्राद्धपक्ष करतो, माझे वडीलही तेच करायचे, आणि शेजारीपाजारी सगळे त्यातलेच. समोरचा शेखर गुरुजी, वयानं लहान पण तोंडानं मोठा, मला म्हणाला की काका, पोरगी तुमची आणि नाक कापलं आमचं. त्यात त्यांचा पुढचा कार्यक्रम घाटावरच, आमच्या बसायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. शेवटी असं ठरलं की भांडण नको. सगळ्यांनी जाऊन पुढे बसायचं, ते गाणं सुरू झालं की मी उठायचं, आणि मी उठलो की सगळ्यांनी उठून चालायला लागायचं. मी हो म्हणून बसलो.

मृण्मयीला हे कळलंच. आमच्या गल्लीत काय लपतं? निघताना ती चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तुम्ही उठून गेलात तर ते गाणं मी कायमचं बंद करीन. दुसऱ्या कुणासाठी नाही करणार."

उठलो तर पोरीचं गाणं गेलं, बसून राहिलो तर गल्लीला दिलेला शब्द गेला. घाटावर पहिल्या रांगेत बसलो खरा, पण आधीच्या गाण्यांतलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

मग गोदावरीचं गाणं आलं. या वेळी तिनं त्याच्याआधी संकल्प घातला होता. कुठल्याही कार्याला आम्ही आधी संकल्प सोडतो. हातात पाणी घेऊन सांगायचं की मी कुठे बसलोय, तिथी कोणती, माझं नाव-गोत्र काय आणि मी काय करणार आहे. शेवटी 'करिष्ये' म्हणून पाणी सोडलं की माघार नाही. मृण्मयीनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे...'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दक्षिण तीर पलीकडे, जुन्या नाशकात. पंचवटी उत्तर तीरावर. जागाच चुकली तर संकल्प लागणार कुठे, कपाळ? गाणं राहिलं, ठरलेलं राहिलं, मी ताडकन उठलो.

"उत्तरे तीरे," मी ओरडलो. "उत्तरे."

माझ्यामागे सगळी गल्ली उठली. शेखर तर चपला शोधायला लागला. ढोलकी थांबली. मृण्मयी माईकवरून शांतपणे म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना, बाबा."

आता सुरू झालेला संकल्प अर्धवट सोडायचा कसा? मी वर गेलो आणि पाणी मागितलं. लखननं पटकन दुकानातली बाटली पुढे केली. गोदावरी अशी समोर वाहतेय, आणि माझ्या ओंजळीत विकतचं पाणी. मला एकदम भडभडून आलं. तीर सांगितलं, मास, तिथी सांगितली, नाव-गोत्र सांगितलं, आणि अडलो. पुढे काय करणार ते सांगायचं होतं. खाली बघितलं तर एकही जण हललेला नाही. संकल्प चालू असताना आमच्यातला माणूस निघून जातो होय? सगळे हात जोडून उभे.

"आजपासून हा गंगाधर नदीत निर्माल्य सोडणार नाही," मी सरळ मराठीत म्हणालो, "आणि वरचे नाले बंद होईपर्यंत गप्प बसणार नाही. करिष्ये."

पाणी सोडलं. शेखरचे ओठ सवयीनं माझ्याबरोबर हलत होते. करिष्ये तोही म्हणून बसला होता. नंतर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण गाणं संपेपर्यंत तो खाली बसून राहिला, आणि बाकीचेही. भटाच्या ओळीला सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

घरी आलो. मृण्मयी ओट्याशी चहा गाळत स्वतःशीच संकल्प पुटपुटत होती. 'गोदावर्याः उत्तरे तीरे.' एक अक्षर चुकत नव्हतं. चुकेल कसं, लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाठ केलेला.

मी विचारलं, मग तिथे दक्षिण कशाला म्हणालीस?

"तुम्ही उठणारच होतात ना?" ती कप पुढे करत म्हणाली. "म्हटलं, गल्लीला दिलेल्या शब्दाखातर नको, माझ्यासाठी उठा."

श्यामला गालातल्या गालात हसत होती, म्हणजे तिलाही आधीपासून माहीत होतं. मी चहा संपवला आणि दुसरा मागितला.