बाईंचा कर्कश पियानो

मी एक जुना पियानो आहे, आणि मित्रांनो, मला माझ्याच आवाजाची लाज वाटते.

एके काळी असे नव्हते. कारखान्यात माझ्या पोटात तारा ताणल्या गेल्या आणि प्रत्येक पट्टीमागे घट्ट दाबलेल्या लोकरीची हातोडी बसली. ती तारेवर पडली की सूर निघतो. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी मला शिकवणीच्या खोलीत आणले, तेव्हा शेजारी खिडकीशी येऊन ऐकत. मीही जरा फुशारत असे.

मग बाई म्हणू लागल्या, "याचा आवाज बसलाय." जुन्या कारागिराने हातोड्यांना कडक करणारे औषध पाजले. पुन्हा तीच तक्रार, पुन्हा तेच औषध. मी किंचाळू लागलो. मुले कानांवर हात ठेवत, मग येईनाशीच झाली. बाईंची नात तेवढी उरली. "मेल्या, असाच मुका राहिलास तर माझी शिकवणी बुडेल," बाई मला म्हणायच्या. मान असती तर खाली घातली असती.

शेवटी एक नवी कारागीर आली. तिने माईक ठेवला, लॅपटॉप उघडला आणि एकेक पट्टी सारख्याच जोराने दाबली. पडद्यावर सुरांचे खांब उभे राहिले.

"हे उजवीकडचे खांब म्हणजे सुरातली धार. इतके उंच नसतात, बाई. पियानो ओरडतोय."

चारचौघांत माझी शोभा झाली. बाई मात्र हसल्या. "ओरडतोय? मला तर उशीखालून बोलल्यासारखा वाटतो!"

नात हळूच म्हणाली, "आजी, खरंच ओरडतो गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे कान माझे गेले, आणि खापर फोडलं या बिचाऱ्यावर. ऐकू येईना, पियानो वाकडा!"

"सुयांनी टोचून लोकर मऊ करते," कारागीर म्हणाली. "पण मग तुम्हाला आणखी कमी ऐकू येईल."

"कर मऊ. शिकायचंय ते पोरांना."

तिने हातोड्या टोचल्या, पुन्हा मोजले, पुन्हा टोचल्या. खांब बुटके झाले आणि माझा सूर गोड झाला.

आता मुले परत येतात, माझे कौतुक करतात, आणि मी शरमेने अर्धा होतो, कारण हा गोड सूर बाईंनाच नीट ऐकू येत नाही. कानाचे डॉक्टर बाईंना म्हणाले, फार उशीर केलात. नात वाजवते तेव्हा बाई माझ्या अंगाला हात टेकून बसतात. तिची बोटे वरच्या पट्ट्यांवर गेली की विचारतात, "थांबलीस का गं?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर जवळ बसून, प्रेमाने, पण वेळेवर सांगा. मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.