माझ्या पोटातल्या सतरा पुड्या

मी चार नंबरचं टेबल बोलतोय. म्हणजे नंबर आता राहिला नाही, तो काढून घेतला. का, ते पुढे येईलच. पण आधीच सांगून ठेवतो, 'माणसांची सेवा हेच माझं भाग्य' म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी डूख धरतो. आणि एकदा धरला की सोडत नाही.

माझा जन्म एका शिंप्यासाठी झाला. त्याने सुताराला बजावलं होतं, "वरची फळी रुंद हवी आणि खाली खण हवा. कात्री, खडू, टेप, सगळं बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे." सुताराने माझ्या पोटाशी चार खिळ्यांवर एक खण ठोकला. तीन बाजूंनी बंद, शिंपी बसायचा तेवढ्या बाजूने उघडा. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, नुसती जाड लाकडी पट्टी आहे. शिंपी भला माणूस. माझ्या अंगावर कात्री चालली, पण ओरखडा कधी उठला नाही.

पुढे त्याची नजर अधू झाली, दुकान बंद झालं, आणि मी काकूच्या खानावळीत आलो.

खानावळ ती केवढी! सहा टेबलं, एक शेगडी, मागे भांडी घासायची मोरी. काकू मालकीण आणि स्वयंपाकीणही. तिचा धाकटा दीर ताटं आणायचा, टेबलं पुसायचा, भांडी घासायचा. काकू त्याला भावजी म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही भावजीच म्हणायची. काकूचा एक हट्ट होता. जनावर असो की मासा, काही फेकायचं नाही. कान, जीभ, मेंदू, डोकं, सगळं शिजायचं आणि असं शिजायचं की एकदा खाल्लेला माणूस पुन्हा यायचा. मला तिने कोपऱ्यात लावलं, भिंतीला टेकून एक बाकडं ठेवलं, आणि माझी उघडी बाजू त्या बाकड्याकडे गेली. खण आहे हे ती विसरूनही गेली.

दर गुरुवारी दुपारी माझ्यावर तीन मित्र जेवायला बसायचे. एक शाळामास्तर, एक दवाखान्यातली सिस्टर, आणि एक विमा एजंट. एजंट स्वतःला वाघ म्हणवायचा. "आपण वाघ आहोत, काहीही खातो!" मग बाकीचेही त्याला वाघोबा म्हणू लागले. तिघं बालवर्गापासूनचे दोस्त. त्यांचा एक नेम होता. दर वेळी एकाने काकूच्या कानात पदार्थ सांगायचा, बाकीच्यांनी ताट रिकामं होईपर्यंत हे काय आहे म्हणून विचारायचं नाही. आणि ज्याने ताटात टाकलं, त्याने मागे मोरीवर जाऊन खानावळीतली सगळी भांडी घासायची.

खोटं कशाला बोलू, मला ते गुरुवार फार आवडायचे. सिस्टर डोळे मिटून पहिला घास घ्यायची आणि "अगं बाई!" म्हणायची, मग पुढचा घास दुप्पट मोठा. मास्तर आधी घाबरायचा, मग घामाघूम होत खायचा, मग स्वतःवरच खूश व्हायचा. एकदा मात्र मेंदू त्याच्या घशाखाली उतरेना. बिचाऱ्याने गुपचूप बाह्या सरसावल्या आणि दोन तास भांडी घासली. वाघोबा मोरीच्या दारात उभा राहून ओरडत होता, "अहो मास्तर, तळाला काळं राहिलंय! मेंदू खाल्ला असता तर दिसलं असतं!" त्या दिवसापासून मास्तरची थट्टा कायमची झाली.

आता ऐका. त्याच दिवशी, वाघोबाच्या ताटातला मेंदू माझ्या खणात होता.

हो. वाघोबा काहीच खायचा नाही. रस्सा भुरकायचा, भाकरी मोडायचा, मिटक्या मारायचा, आणि बाकीचे दोघं ताटात बघत असले की तुकडे टेबलाखाली न्यायचा. त्याच्या खिशात विम्याची रंगीत पत्रकं असायची. त्यात पुडी बांधायची आणि खणात अगदी आत सारायची. मग ढेकर. "वा! काकू, हात दाखवा जरा, नमस्कार करतो!"

मला आवडत नाही, एवढं म्हटलं असतं तर काकूने त्याला आमटीभात वाढला असता. सिस्टर चार दिवस हसली असती. संपलं. पण नाही. त्याला वाघ राहायचं होतं, आणि त्याचं वाघपण माझ्या पोटात कुजत होतं.

पहिल्या दोन पुड्या मी सहन केल्या. सहाव्या पुडीला मुंग्या माझ्या पायावरून चढू लागल्या. दहाव्या पुडीला वास बाहेर पडला. माझ्या शेजारच्या टेबलावरची माणसं ताट उचलून दुसरीकडे बसायला लागली. काकूने मोरी धुतली, भिंती धुतल्या, शेगडी हलवली. भावजीने मला तर इतकं पुसलं की माझ्यात तोंड दिसावं. पण वरून. खाली कोण बघतो?

आणि मग एका गुरुवारी वाघोबाने नाकाला रुमाल लावला. भर खानावळीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, रागावू नका हं, पण तुमच्याकडे काहीतरी सडतंय. भांडी नीट घासली जात नाहीत, दुसरं काय!"

चोराच्या उलट्या बोंबा! मला दात असते तर त्याच्या मांडीचा लचका तोडला असता.

त्या दिवशी काकू मोरीवर गेली आणि भावजीला नको नको ते बोलली. "आयुष्यात एक काम दिलं तुम्हाला, तेही धड होत नाही!" भावजीने हात पुसले, ताटं रचून ठेवली, पिशवी भरली आणि बहिणीच्या घरी निघून गेला. एकोणीस वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं ती. दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याचा साहेब आला. त्याने दारातच नाक मुरडलं. "आठ दिवस देतो. वास गेला नाही तर कुलूप लावीन." काकू रात्रंदिवस फरशी घासत राहिली. घासता घासता रडायची, आणि रडताना माझ्याच कडेला हात टेकायची.

तेव्हाच मी ठरवलं.

माझ्या खणाचे चारपैकी तीन खिळे कधीचेच खिळखिळे झाले होते. वाघोबाचा गुडघा दर गुरुवारी बरोबर तिथेच लागायचा. मी खण आवळून धरला होता, कारण शिंप्याची तेवढी एक आठवण माझ्याकडे उरली होती. म्हटलं, आता जाऊ दे.

आठवडा भरायच्या आदल्या दिवशी गुरुवार आला. खानावळीत तेवढे तिघंच. सिस्टरची पाळी होती. ती काकूच्या कानात काही बोललीच नाही, सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, उद्या कुलूप लागणार असेल तर आज तुम्हाला जे करावंसं वाटतं ते करा." काकूने माशाची डोकी केली, डोळ्यांसकट.

सिस्टर आणि मास्तर मान खाली घालून खात होते. वाघोबाचा हात खाली आला. पत्रकाचा कागद चुरचुरला. पुडी आत सारायला त्याने गुडघा वर घेतला, आणि मी सोडलं.

धाडकन खण त्याच्या मांडीवर कोसळला. पुड्या त्याच्या विजारीवर, बाकड्यावर, फरशीवर. त्या वासाने मास्तर उठून खिडकीकडे पळाला. वाघोबा किंचाळला, "हे कुणाचं? कुणी ठेवलं हे? काकू, बघा तुमच्याकडे काय काय निघतंय!"

सिस्टर जागची हलली नाही. दवाखान्यात तिने याहून वाईट पाहिलेलं. तिने एक पुडी उचलली आणि कागद सरळ केला. कागदावर वाघोबाचाच फोटो होता, टाय लावलेला, हसरा. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: 'तुमची काळजी माझ्यावर सोडा.'

तिने दुसरी उघडली. तोच फोटो. तिसरी. तोच.

"हा कान," ती म्हणाली. "तू म्हणाला होतास, लोण्यासारखा आहे. ही जीभ. ही तू दोनदा मागून घेतली होतीस. आणि हा..." तिने मास्तरकडे बघितलं. "हा मेंदू."

सतरा पुड्या निघाल्या. हातातली धरून अठरा.

मास्तर खिडकीपाशी उभा होता. मला वाटलं, आता ओरडेल. पण तो एवढंच म्हणाला, "मी दोन तास भांडी घासली रे."

काकू मात्र ओरडली. काय काय ओरडली ते मी सांगत नाही, पण मी लाकूड असून शहारलो. मग तिने पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि तडक नणंदेच्या घरी गेली, भावजीला आणायला. तिकडे काय झालं मला माहीत नाही. दोघं परत आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी साहेब आला, सगळीकडे नाक खुपसून बघितलं, आणि कुलूप न लावता गेला.

मला मात्र शिक्षा झाली. वास माझ्या लाकडात मुरला होता, गिऱ्हाइकांपुढे ठेवण्याजोगा मी राहिलो नव्हतो. माझा नंबर काढला आणि मला मोरीवर टाकलं, धुतलेली भांडी पालथी घालायला. दिवसभर पाठीवरून पाणी गळतं. एक पाय फुगलाय. पण मला पश्चात्ताप नाही. कारण इथून मला दर गुरुवारी वाघोबा दिसतो.

काकूने निकाल दिला होता, पुडीमागे एक गुरुवार. येतो बिचारा, बाह्या सरसावतो. भावजी शेजारी स्टुलावर बसून सांगतो, "साहेब, तळाला काळं राहिलंय." मास्तर दारात उभा असतो. भाकरी खात नुसता बघतो. मला तेच जास्त आवडतं.

भांडी झाली की काकू वाघोबाचं ताट माझ्यावरच आणून ठेवते. संपवल्याशिवाय जायचं नाही. गेल्या गुरुवारी माशाचं डोकं होतं. डोळा त्याच्याकडे बघत होता, तो डोळ्याकडे. भावजीने पाठ फिरवली मात्र, याचा हात सवयीने तुकडा घेऊन माझ्या खाली आला.

खण गेला, पण चौथा खिळा मी राखून ठेवलाय.

"आई गं!"

"काय झालं?" भावजीने मागे न वळता विचारलं.

"काही नाही."

"मग खा."

त्याने खाल्लं. डोळ्यांत पाणी आणून, डोळ्यासकट खाल्लं. आणि मग, मी माझ्या फुगलेल्या पायाची शपथ घेऊन सांगतो, त्याने बोटं चाटली. तेव्हा मला जो संताप आला तो सतरा पुड्यांनी आला नव्हता. इतकं आवडणार होतं तर माझं पोट कशाला नासवलंस रे?

अजून त्याचे तीन गुरुवार बाकी आहेत.

तुम्हीही काकूकडे या, मित्रांना घेऊन. कधी न खाल्लेलं काहीतरी मागवा. नाही आवडलं तर तोंडावर सांगा, काकू रागावत नाही. फक्त टेबलाखाली हात नेऊ नका. मी मोरीवर असलो म्हणून काय झालं, उरलेली पाच टेबलं माझंच ऐकतात.