पटक्याचा रंग

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला डोकी फुटतात. वाघोलीच्या पलीकडचं आमचं गाव महापालिकेत गेलं, नळ आले, बारा-बारा मजल्यांच्या इमारती आल्या, पण डोकी फुटायची काही थांबली नाहीत. पूर्वी हळद दाबून फडकं बांधायचो, आता टाके घालायला दवाखाना आहे, इतकाच काय तो विकास.

कारण बेचाळीस सालचं. त्या ऑगस्टात फौजदार शाळेवरचा झेंडा उतरवायला आला आणि कोणीतरी बैलगाडीचं जू उचलून त्याच्या थोबाडावर हाणलं. अकरा दात शाळेच्या पायरीवर पडले. बारावा इतका लांब उडाला, की पुढच्या पेरणीला नदीपलीकडे कोणाच्या तरी पाभरीत अडकला. शिपायांनी त्या माणसाला चौकातच ठार केलं आणि प्रेत लॉरीत टाकून नेलं. त्याच आठवड्यात वरच्या आळीचा महिपती आणि खालच्या आळीचा कचरू, दोघेही घरातून गेले ते परतले नाहीत. मग हुतात्मा कोणाचा? वरची आळी म्हणते आमचा, खालची म्हणते आमचा. महिपती लाल पटका बांधायचा, कचरू पांढरा.

आणि डोळ्यांनी पाहिलेला म्हणून एकटा मी उरलोय. तेव्हा सात वर्षांचा होतो. वरच्या आळीत जेवलो की पटका लाल होता, खालच्या आळीत जेवलो की पांढरा. ऐंशी वर्षं पोट भरलेलं राहिलं.

यंदा शाळेत नव्या बाई आल्या. नम्रताबाई, वर्ध्याकडच्या, भलत्याच हौशी. चौदा तारखेला पोरांना ही गोष्ट सांगून त्यांनी रंगवायला चित्र दिलं. स्वतः काढलेलं. फौजदार, जू आणि पटकेवाला. नुसत्या काळ्या रेघा, आत सगळं कोरं. एकशे वीस झेरॉक्स.

"बाई, पटका कुठल्या रंगाचा?" तेजस्विनीनं विचारलं. ही महिपतीच्या नातवाची, शंभूची पोर.

"तुला आवडेल तो दे गं," बाई म्हणाल्या.

ऐंशी वर्षांत हे वाक्य आमच्या गावात कोणी तोंडातून काढलं नव्हतं. तेजस्विनीनं लाल तेलखडू फिरवला. शेजारच्या बाकावरच्या खालच्या आळीच्या पोरानं त्यावर पांढरा रंग ओतला. तिनं कर्कटक काढून त्याच्या मांडीत रोवलं. पाच मिनिटांत वर्गातली एकही पट्टी सरळ राहिली नाही. फ्लॅटमधल्या एका बिचाऱ्यानं पटका जांभळा केला होता, त्याला दोन्ही आळ्यांच्या पोरांनी आळीपाळीनं बदडलं. संध्याकाळी पोरांचे बाप रस्त्यावर उतरले आणि सात जणांना टाके पडले. एकाचा कान तर डॉक्टरांनी घाईत उलटा शिवला. आता त्याला मागून हाक मारली तरच ऐकू येते.

हेडमास्तर शांततेचे भोक्ते. त्यांनी तोडगा काढला. उद्या झेंड्याआधी निकाल लावू. पहिल्या नंबराचं चित्र गावच्या कमानीवर रंगवू, आणि ज्या आळीचा पटका ठरेल तिनंच यापुढे झेंड्याची दोरी ओढायची. परीक्षक कोण? अर्थात मी.

सकाळी तोंड धुतो न धुतो तोच शंभू दारात.

"आबा, लाल म्हणायचं. दुसरं काय निघालं तोंडातनं, तर ह्याच दारात मांडी मोडीन तुमची."

"चहा घे," मी म्हणालो.

"मोडल्यावर घेतो."

तो गेला आणि कचरूचा नातू संपत आला. हा गोड बोलतो. "आबा, आपलं ठरलंय न्हवं? पांढरा. न्हाईतर खांद्यातनं हात उपसून तुमच्याच पिशवीत घालून देईन. घरी न्यायला बरं पडतं."

मैदानात मांडव होता. टेबलावर दोन चित्रं ठेवली होती, एक लाल, एक पांढरं. दोन्ही बाजूंनी गडी उभे होते आणि त्यांनी मांडवाचे बांबू आधीच सैल करून ठेवले होते. रात्रभर मी एक युक्ती घोटून ठेवली होती. खाकरून म्हणालो, "पटका सकाळी पांढरा होता. मार बसला तसा रक्तानं भिजून लाल झाला. दोन्ही चित्रं खरी."

नम्रताबाईंचे हात टाळीसाठी वरसुद्धा गेले.

"म्हंजे मूळचा पांढराच की!" संपत ओरडला. "आमचाच!"

"म्हातारा फितला रं!" शंभूनं बांबू उपसला आणि मांडव पाहुण्यांवर बसला.

मग जे झालं ते मी बेचाळीसपासून सांगत आलोय त्यापेक्षा मोठं होतं. कापडाखालून माणसं बांबूनं मारत होती आणि कापडावरून लोखंडी खुर्च्यांनी. एकाचं नाक गालावर सरकलं. एकाच्या डोक्यावर लाडवांचं पातेलं बसलं, ते कापून काढायला लोहार लागला. कोणाचा तरी अंगठा कोणाच्या तरी दातांत राहिला. शंभूनं माझी गचांडी धरली आणि बांबू खांद्यावर घातला. हाड पापडासारखं मोडलं.

दुखलं की माणूस खरं बोलतो.

"मी काही बघितलंच नाही!" मी किंचाळलो. "आईच्या कुशीत ज्वारीच्या कणगीत बसलो होतो, वर झाकण होतं. नुसतं ऐकलं. वीस फटके मोजले, पुढचे आकडे येत नव्हते. त्याआधी तो माणूस चौकात दारं ठोठावत फिरला. एकानंही कडी काढली नाही. काढली असती, तर पटका लाल की पांढरा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं!"

मला वाटलं, आता सगळे गप्प होतील. कुठलं काय!

"आमच्या घराला भेकड म्हणतो?" शंभू म्हणाला.

"अन् आमच्या?" संपत म्हणाला.

आता दोघेही माझ्यावर. संपतनं सांगितल्याप्रमाणे हात धरला आणि पिळला. शंभूनं मांडीचा नेम धरला. तोंडात रक्ताची चव आली, वर शंभूचा बांबू उचललेला दिसला आणि मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

तेवढ्यात झेंडा वर चढला. दोरी नम्रताबाईंनीच ओढली होती. "सावधान!" त्या ओरडल्या आणि एकशे वीस पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

बांबू वरच राहिले. आमच्या गावात माणूस मारतील, पण राष्ट्रगीत चालू असताना हलायचे नाहीत. दातांतला अंगठा दातांतच थांबला. मांडी वाचवायला उचललेला पाय तसाच ठेवून मीही एका पायावर उभा राहिलो, संपतच्या छातीचा आधार घेऊन. तोही बिचारा हलू शकत नव्हता.

गीत संपलं. शंभूचा बांबू चार बोटं खाली आला.

"परत!" बाई म्हणाल्या.

पोरांनी परत म्हटलं. मग परत. पाचव्या वेळी पोलिसांची गाडी आली. साहेबांचा एक पाय बाहेर, एक आत, आणि ते तसेच ताठ झाले. सातव्या वेळी शंभूचा हात भरून आला, बांबू सुटला आणि त्याच्याच पायावर पडला. नख फुटलं. तो हलला नाही. पोरांचे आवाज बसले, तरी बाईंची मान काही खाली होईना.

नवव्यानंतर मात्र त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगलं अर्धं मिनिट मोकळं मिळालं. बांबू शंभूच्या पायाशीच होता. तो वाकला नाही.

"आबा," तो पुढेच बघत म्हणाला, "पहिलं दार कुणाचं वाजलं?"

"तुमचं."

संपतची छाती माझ्या पाठीमागे वरखाली होत होती. "अन् दुसरं?"

"तुमचं."

"तिसरं?"

"आमचं," मी म्हणालो. "आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता."

बाईंचा घसा मोकळा झाला आणि आम्ही तिघं पुन्हा ताठ उभे राहिलो.