मास्तरांचा गाणारा भेक

मी एक जुना भेक आहे. भेक म्हणजे बेडकाचाच चुलतभाऊ, पण अंगाने जाडजूड, पाठीने खडबडीत आणि उड्या मारायला आळशी. लहानपणी मला शेपूट होतं. ते कुठे गेलं म्हणून विचारू नका. माझं मीच जिरवलं.

मित्रांनो, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका सूनबाईंनी मला आणि ढोल्याला काचेच्या पेटीत पाळलं. ढोल्याही माझ्यासारखाच नर, पण डोक्याने यथातथाच. जेवताना अळी सोडून माझं बोटच तोंडात धरायचा, म्हणून सूनबाई आम्हाला दोन कोपऱ्यांत वेगवेगळं वाढायच्या. शिवाय जे हलेल त्याला मागून मिठी मारायची त्याला खोड. अशा वेळी मी "किर्र, किर्र" करतो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, "मेल्या, मी नर आहे, सोड." ढोल्या बिनडोक खरा, पण एवढं त्याला कळतं. तो सोडतो.

सूनबाईंच्या सासऱ्यांना मात्र ते कळेना. ते निवृत्त गायनमास्तर. गुडघ्यांना मलम चोळून झालं की त्याच हातांनी, माझ्या बगलांत बोटं घालून ते मला उचलत. मी जीव तोडून किर्र किर्र करी आणि मास्तरांचे डोळे भरून येत. काय सूर आहे, असं म्हणत ते मला आणखी घट्ट धरत. इतकं कौतुक माझं आयुष्यात कोणी केलं नव्हतं, आणि इतके हालही.

आम्ही पाणीसुद्धा कातडीतूनच पितो. मलमाने माझं पोट लालभडक झालं, अन्नावरची वासना उडाली. असंच गात राहिलो तर आपलं काही खरं नाही, हे मी ओळखलं.

तेवढ्यात मास्तरांनी जुन्या शिष्यांना माझं गाणं ऐकायला बोलावलं. पाच जण आले, माना डोलवायच्या तयारीनेच. मास्तरांनी मला उंच धरलं, मी सुरू झालो, आणि एकाने चक्क दाद दिली. चहा घेऊन आलेल्या सूनबाईंना खालून माझं पोट दिसलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"बाबा, तो गात नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "सोडा म्हणतोय."

शिष्य ट्रेमधल्या कपांकडे बघू लागले. मास्तरांचा चेहरा पार उतरला. त्यांनी मला अलगद खाली ठेवलं आणि आठ दिवस ते पेटीकडे फिरकलेच नाहीत. खरं सांगतो, मलाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी ते आले. सूनबाईंनी सांगितल्याप्रमाणे हात धुऊन, साबण पुरता निघेपर्यंत खळबळून, त्यांनी ओला तळवा पेटीत ठेवला. धरलं नाही, नुसता ठेवला. मी अर्धा तास विचार केला आणि चढून बसलो.

"आज हा गप्प का गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आज खूश आहे, बाबा."

तर मित्रांनो, आम्हाला उगाच उचलू नका. उचलावंच लागलं तर स्वच्छ, ओल्या हाताने उचला आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण आमच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असतं. आणि हातातला भेक किर्र किर्र करू लागला, तर कौतुक मागाहून करा. आधी सोडा.