माझ्यावर फक्त ‘लवकरच’ होतं

मी पाटी बोलतेय. दिसायला लाकडाची, पण खरं लाकूड मी कधी पाहिलेलंही नाही. ‘खाडीकाठ’ नावाच्या फुकट ऑनलाइन गेममध्ये, धक्क्यावर मी उभी असते. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात समिधाने मला घडवलं, हौसेने कडेला शेवाळही चढवलं. गेम बनवणाऱ्यांनी माझ्यावर लिहायचं, खेळणाऱ्यांनी वाचायचं, एवढंच माझं काम.

सुरुवातीला काय थाट होता माझा! नवी होडी कधी येणार, कुठली चूक सुधारली, सगळं माझ्या अंगावर. चेंदणी कोळीवाड्याची दक्षता तर वाचता वाचता माइकवर भांडायची. “अरे, जिताडा असा लागतो का गळाला? माझ्या आईला विचारा!” पुढच्याच आठवड्यात जिताडा सुधारला आणि मीच मिरवून घेतलं.

मग शर्यतीचं बंदर बिघडलं. होडी आत शिरली की गायब! समिधाने बंदर बंद केलं आणि तिच्या साहेबांनी, सलिलसरांनी, माझ्यावर एकच शब्द लिहायला लावला. ‘लवकरच.’

तो शब्द घेऊन मी उभी राहिले, ती राहिलेच.

दक्षताला नारळी पौर्णिमेला त्याच बंदरात शर्यत भरवायची होती. ठाकुर्लीच्या सम्यकपासून एकेकाला तिने ओढून आणलेलं. आता जो तो विचारायचा, “शर्यत आहे की नाही?”

“पाटी म्हणते, लवकरच.”

“मग मी चाललो दुसऱ्या गेमला.”

धक्का रिकामा होत चालला. ऑफिसात समिधा चिडलेली. “सर, पौर्णिमेपर्यंत बंदर होत नाही, हे सांगून टाकू या.”

“पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नसतं. आणि फुकट तर खेळतात!”

“पैसे नाही दिले, पण वेळ देतात ना!”

मोठ्या माणसांना गप्प बसण्यात कसला रुबाब वाटतो, देव जाणे. यांना वाटतं, आपण जबाबदारीने वागतोय. इकडे लोकांना वाटत होतं, गेमच मेला.

खेळणाऱ्यांना माझ्यावर लिहायची सोय नाही. म्हणून दक्षताने पकडलेले मासे माझ्यापुढे ओळीने मांडायला घेतले. माइकवर मागून तिच्या आईचा, मंजुळाबाईंचा आवाज आला. “मासं कनाला फेकतंस गो?”

“आई, बाबांची होडी उशिरा आली तर तू काय करतेस?”

“फोन! दुसरा काय?”

“आणि त्यांनी ‘लवकरच’ म्हणून फोन ठेवला तर?”

“ठेवून बघू दे!”

मासे मांडून प्रश्न तयार झाला. ‘आहात का?’ प्रश्नचिन्हाचं टिंब म्हणजे जिवंत चिंबोरी, खेकड्याची जात. ती सारखी चालू लागायची आणि सम्यक तिला पकडून आणायचा.

समिधाने ते पाहिलं आणि हसत स्क्रीन सरांकडे वळवला.

“हे... मासे आहेत?”

“प्रश्न आहे, सर.”

सरांनी खुर्ची पुढे ओढून प्रश्न वाचला. “लिही. पण चांगल्या शब्दांत.”

“खऱ्या शब्दांत लिहिते,” समिधा म्हणाली.

‘आहोत. पौर्णिमेपर्यंत बंदर दुरुस्त होणार नाही. आधीच सांगायला हवं होतं, चुकलो. आता दर शुक्रवारी इथे लिहू. काही झालं नसेल, तर तेही लिहू.’

शिव्या पडल्याच. पण दक्षता ओरडली, “हे आधी सांगायला काय झालेलं? चला रे, खाडीवरच्या पुलापासून पाटीपर्यंत लावू शर्यत!” गेलेले बरेच जण परतले. सम्यकची होडी सरळ माझ्यावर आदळली, तरी मला आनंदच झाला.

गेम बनवणाऱ्यांनो, चांगली बातमी नसेल तर नसू दे. जे आहे ते लिहा. माझ्यासमोर माणसं उभी असतात.

गेल्या शुक्रवारी समिधाने लिहिलं, ‘या आठवड्यात काम पुढे सरकलं नाही.’ दक्षताने वाचलं आणि खाली माशांनी उत्तर मांडलं, ‘बरं.’

अनुस्वाराची चिंबोरी मात्र अजून पळतेय.